अमेरिकेच्या हवेतलं शिसं: पेट्रोलमधून गेलं, मग उरलं कुठून?

आलेखवेडा:
अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची (ईपीए) शिशाची आकडेवारी मांडतोय. १९७० मध्ये वर्षाला सुमारे २ लाख २० हजार टन, हल्ली हजाराच्या आत. उतार कळतो: १९७५ पासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), शिशाने तो निकामी होतो म्हणून बिनशिशाचं पेट्रोल, १९८६ ला गॅलनमागे ०.१ ग्रॅमची मर्यादा; १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना बंदीच. पण उरलेलं कुठून येतं? आणि हवा मोजणाऱ्या सगळ्या केंद्रांची सरासरी काढली की २०१० नंतर रेषा वर का जाते?

गाळणकागद:
दुसरं आधी. हवा बिघडलेली नाही, यंत्रं हलली आहेत. २००८ मध्ये हवेतल्या शिशाचं मानक (चालणारी कमाल पातळी) घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅमवरून ०.१५ वर आणलं. पुढे २०१० च्या दुरुस्तीने वर्षाला अर्धा टन किंवा जास्त शिसं सोडणाऱ्या कारखान्यांजवळ मापन आलं (विमानतळांना १ टन). म्हणजे नवी केंद्रं मुद्दाम घाण असेल तिथेच बसली. सलग नोंदी असलेलीच केंद्रं घ्या, आणि कारखान्यालगतची वेगळी काढा.

आणखी एक. जुनं मानक कॅलेंडरच्या तिमाहीचं, नवं सरकत्या तीन महिन्यांचं. आधी महिन्याची सरासरी, मग लागोपाठ तीन महिन्यांची, आणि तीन वर्षांतली सर्वांत मोठी मानकाशी ताडायची. एकूण धुळीतलं शिसं आणि पीएम१० (१० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) मधलं शिसं एका रेषेत जोडू नका. शिसं वितळवणाऱ्या भट्टीजवळचे जाड कण पीएम१० मध्ये येतच नाहीत.

पिस्टन:
उरलेल्यात सर्वांत मोठा वाटा, ईपीएच्या २०१७ च्या उत्सर्जन यादीत सुमारे ७० टक्के, छोट्या पिस्टन विमानांचा. जेट इंधन केरोसिन असतं, त्यात शिसं नाही. पिस्टन विमानांच्या १००एलएल ('लो लेड') पेट्रोलमध्ये मात्र लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग चालतं (मोजमाप शिशाचं). नावातलं 'लो लेड' फसवं आहे: तासाला ३२ लिटर पिणारं चार आसनी विमान १८ ग्रॅमच्या आसपास शिसं जाळतं. सर्वाधिक पातळी उड्डाणाआधी इंजिन तपासतात त्या जागी, आणि अंतराबरोबर झपाट्याने घटते. ईपीएने १७ विमानतळांवर मोजलं, तेव्हा कॅलिफोर्नियातले सॅन कार्लोस आणि पॅलोमार मानकाच्या वर निघाले.

आलेखवेडा:
मग इतकी वर्षं शिसं काढलं का नाही?

पिस्टन:
ऑक्टेन, म्हणजे इंधनाची वेळेआधी न पेटण्याची क्षमता. जास्त दाबाच्या इंजिनांत कमी ऑक्टेनचं इंधन वेळेआधी पेटतं, ठोका बसतो, पिस्टन जातो. शिवाय शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखा असतो. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या प्रशिक्षण ताफ्याने २०२३ मध्ये ९४ ऑक्टेनचं बिनशिशाचं वापरलं आणि बैठका झिजताना दिसल्या म्हणून त्याच वर्षी १००एलएलवर परतले. १०० ऑक्टेनच्या एका बिनशिशाच्या इंधनाला २०२२ मध्ये एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची) मंजुरी मिळाली, पण दर पंपावर पोचणं ही निराळीच लढाई.

भट्टीवाला:
टनांकडेच बघू नका. विमानांचं शिसं विखुरतं, भट्टीचं एका वस्तीवर पडतं. खनिजापासून शिसं काढणारी शेवटची भट्टी, मिसूरीतल्या हर्क्युलेनियमची, २०१३ अखेर बंद झाली. आता उरल्या त्या भंगार बॅटऱ्या वितळवणाऱ्या. तिथे धुराड्याला बॅग फिल्टर (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या) असतो. त्रास देते ती बाकीची धूळ: बॅटरी फोडायची जागा, उघडे ढीग, ट्रकची चाकं. म्हणून २०१२ च्या नियमांनी या जागा पूर्ण बंदिस्त करून आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवायला लावला, म्हणजे फटीतून हवा आत येते, धूळ बाहेर जात नाही. मोठं दार उघडं राहिलं की तो दाब टिकत नाही, म्हणून दाबाची नोंद अखंड ठेवावी लागते.