‘करमत नाही’ आणि ‘आवडत नाही’ यांच्या मधला शब्द हवा आहे

एका अवस्थेला नेमका मराठी शब्द सापडत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन स्थिरावला आहे. नोकरी चालू आहे, मुलं तिथल्या शाळेत आहेत, मतदार यादीत नाव तिथलं आहे, शेजार चांगला आहे. पण ते राज्य त्याला आवडलेलं नाही आणि पुढे आवडेल असंही त्याला वाटत नाही. या माणसाने काय म्हणावं?

मी सोलापूरची, बरीच वर्षं बंगळुरात आहे. माहेरी गेले की "करमतं का गं तिकडं?" हा प्रश्न ठरलेला. ‘करमतं’ म्हटलं तर अर्धंच खरं आणि ‘करमत नाही’ म्हटलं तर साफ खोटं.

‘करमणे’चं नातं ‘क्रमणे’शी आहे. ‘कालक्रमणा’ पुस्तकात राहिली, ‘करमणे’ बोलण्यात आलं, ‘करमणूक’ त्याच्याच पोटची. म्हणजे हा शब्द मुळात वेळेबद्दल बोलतो: दिवस सरतो की सरत नाही. म्हणून तो नवख्या माणसाला शोभतो. सासरी नुकती आलेली मुलगी, वसतिगृहातलं पोर, बदली होऊन आलेला कारकून. दिवस भरायला लागला की त्या शब्दाचं काम संपलं. माझे दिवस काठोकाठ भरलेले असतात.

त्याचं व्याकरण मात्र मला फार जवळचं वाटतं. ‘मला करमत नाही’ या वाक्यात शोधूनही कर्ता सापडत नाही. ‘मळमळतं’, ‘उजाडलं’, ‘सांजावलं’ यांच्या पंगतीतलं ते क्रियापद. कोणी काही केलेलं नाही, कोणाचा दोष नाही. ‘मला कर्नाटक आवडत नाही’ म्हटलं की कर्नाटक कर्ता होऊन पुढे येतं आणि ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो. समोर ज्यांनी अडीअडचणीला मदत केली ते शेजारी बसलेले असताना हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

शिवाय ते वाक्य चुकीचंही आहे, कारण कर्नाटक म्हणजे नेमकं कुठलं? माझी आजी अक्कलकोटची. घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं, त्यामुळे बंगळुरात येताना मला वाटत होतं की भाषेची अडचण येणार नाही. इथे कोपऱ्यावर भाजीची गाडी लागते. पहिल्यांदा मी त्या बाईंकडे ‘उळ्ळागड्डी’ मागितली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग कांद्याच्या ढिगावर हात ठेवून म्हणाल्या, "ईरुळ्ळी?" भुईमुगाला आजी ‘शेंगा’च म्हणायची, धारवाडपर्यंत तोच शब्द चालतो, शेंगाची होळिगे असते, शेंगाची चटणी असते. इथे ती ‘कडलेकाई’. वाक्याच्या शेवटी मी आदराचा ‘री’ लावायची, ‘हौद्री’, ‘बर्री’. त्यावरून ऑफिसातले लोक मला ‘हुबळीकडच्या’ म्हणायला लागले. त्यात वाईट हेतू नव्हता, पण आजीचं कन्नड म्हणजे सुधारून घ्यायची गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं, आणि ते मला लागलं. अजूनही लागतं. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या माणसाला नाचणीच्या ‘मुद्दे’ची, म्हणजे उकडलेल्या गोळ्याची, सवय करता येते. आपल्या घरातली बोली गावंढळ ठरते याची करता येत नाही.

गावी जाताना रात्रीच्या गाडीत बसलं की उजाडता उजाडता वाडी, कलबुर्गी येते. डब्यात चढणाऱ्या माणसांचं कन्नड बदललेलं असतं. फडक्यात बांधलेली जोळद रोट्टी निघते, म्हणजे आपली भाकरीच, सोबत शेंगाची चटणी. माझे कान सैल होतात. आणि अजून तर आपण कर्नाटकातच असतो! कलबुर्गी सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर, बंगळूरहून साडेपाचशेच्या वर.

मुळात हे राज्य 1 नोव्हेंबर 1956 ला निरनिराळ्या मुलखांतून जोडलं गेलं. जुनं म्हैसूर संस्थान, मुंबई राज्यातले बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार, निजामाच्या हैदराबादेतले गुलबर्गा (आजची कलबुर्गी), बिदर, रायचूर, मद्रासकडचं मंगळूर, आणि कुर्ग. ‘कर्नाटक’ हे नाव तर 1973 मध्ये आलं, तोवर सगळंच ‘म्हैसूर राज्य’ होतं. अगदी अलीकडेपर्यंत ‘हैदराबाद-कर्नाटक’ आणि ‘मुंबई-कर्नाटक’ अशी नावं सर्रास चालत. 2019 मध्ये पहिल्याचं ‘कल्याण कर्नाटक’ झालं, 2021 मध्ये दुसऱ्याचं ‘कित्तूर कर्नाटक’. इथली माणसं स्वतः करावळी, मलनाड, बयलुसीमे असे भाग पाडतात, जसे आपण कोकण, घाटमाथा, देश. मग मला न आवडणारी गोष्ट म्हणजे जुन्या म्हैसुराचा एक तुकडा, तोही फुगलेल्या राजधानीचा. त्यासाठी अख्ख्या राज्याचं नाव घेणं अन्यायाचं आहे.

एकदा मी शेजारच्या काकूंना मनातलं सांगायला गेले. कन्नडमध्ये ‘बेजारु’ शब्द आहे, आपल्या ‘बेजार’चा भाऊ, दोन्ही फारसीतून आलेले. मी मराठीच्या हिशेबाने तो वापरला: या शहराने बेजार केलंय, म्हणजे जीव नकोसा केलाय. काकूंनी तो कन्नडच्या हिशेबाने ऐकला. कन्नडमध्ये ‘बेजारागिदे’ म्हणजे उदास वाटतंय, कंटाळा आलाय, मन थाऱ्यावर नाही. वाक्यरचनाही ‘मला करमत नाही’सारखीच, ‘ननगे’ म्हणजे मला, पुढे नुसतं क्रियापद. त्या उठून माझ्यासाठी कॉफी करायला गेल्या. मी तक्रार केली होती, त्यांना दुःख ऐकू आलं. त्यांनी ऐकलेलं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त खरं होतं, असं मला वाटतं.

आता मराठीत उमेदवार शब्द पाहू. ‘उपरा’ आणि ‘परका’ नकोत, ते दुसऱ्याने आपल्याला लावायचे शब्द आहेत. ‘रुळणे’ झालेलंच आहे. ‘अंगवळणी पडलं’ यात नाइलाज आहे, नापसंती नाही. ‘मन रमत नाही’ जवळ येतं, पण ते एखाद्या संध्याकाळपुरतंही म्हणता येतं. मला हवा आहे तो शब्द टिकाऊ असावा, वर्षानुवर्षं खरा राहील असा, आणि त्यात तिथल्या माणसांवर ठपका नसावा.

प्रतिसाद, बडोद्याहून

मी नागपूरचा. आमच्याकडे ‘करमत नाही’ क्वचित ऐकू येईल, आम्ही ‘गमत नाही’ म्हणतो. "मले गमत नाही इथं." गम् म्हणजे जाणे, तेव्हा इथेही वेळच जात नाहीये, तुमच्या क्रमणेसारखा. आता गंमत बघा, गुजरातीत ‘गमवुं’ म्हणजे आवडणे. इथे नवीन असताना मी मालकांच्या आईंना सहज म्हणालो की अजून गमत नाही. त्यांना ऐकू आलं ‘गमतुं नथी’, म्हणजे आवडत नाही. त्यांचा चेहरा उतरला. तुम्ही ज्या दोन शब्दांच्या मधली जागा शोधताय ती जागाच या शब्दाने बुजवून टाकली आहे, नागपूरला एक टोक, बडोद्याला दुसरं. पण गुजरातीतही आजारी, उदास माणूस ‘गमतुं नथी’ म्हणतो तेव्हा तो कशाची निंदा करत नसतो. त्या अर्थाने मला तो शब्द अजूनही चालेल.

राज्यांच्या जोडणीबद्दल एक भर. माझे आजोबा नागपुरात एकाच वाड्यात राहिले. 1956 पर्यंत ते मध्य प्रदेशच्या राजधानीत होते, कारण तेव्हा ती नागपूर होती. नंतर ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. त्या मधल्या साडेतीन वर्षांत नागपूर, सोलापूर आणि बडोदा एकाच राज्यात होती. घर न बदलता माणूस तीन राज्यांत राहू शकतो, तर राज्य आवडण्या-न आवडण्याला फार खोल अर्थ नसावा. गुजरातेतही सुरतेकडचा माणूस काठियावाडी बोलण्याला हसतो आणि काठियावाडी माणूस सुरतेच्या बोलण्याला. आपण परके म्हणून आपल्याला हे भेद उशिरा दिसतात.

प्रतिसाद, मुंबईहून

मला हा विषय पटत नाही, आणि का ते सांगतो. मुंबईत बाहेरून आलेला कोणी "मला महाराष्ट्र आवडत नाही" म्हणाला की आपण काय उत्तर देतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘परप्रांतीय’ हा आपला शब्द आहे. प्रांत केव्हाच गेले, मध्य प्रांत नाही, संयुक्त प्रांत नाही, संविधानात राज्यं आहेत. सरकारी कागदावर ‘परराज्यातील’ लिहितात. रस्त्यावर मात्र ‘परप्रांतीय’च टिकला, कारण त्यात धार आहे. ताई, बंगळुरात तुम्ही परप्रांतीय आहात. जिथे पोट भरतं त्या जागेबद्दल नावडीचा शब्द शोधू नये असं मला वाटतं. आणि देशावरच्या माणसाला मुंबईत ‘घाटी’ म्हणतात ते आठवा. तुमच्या आजीच्या कन्नडचं तिकडे जे झालं ते इकडे रोज होतं, एकाच राज्यात, एकाच भाषेत.

प्रतिसाद, पुण्याहून

मी इंदूरची, पुण्यात स्थायिक. माझ्यासाठी महाराष्ट्र हेच दुसरं राज्य. आडनाव मराठी, घरची भाषा मराठी, म्हणून सगळे धरून चालतात की मी ‘परत आले’. मी परत आलेली नाही, मी इथे पहिल्यांदाच आले. माझं माळव्यात राहिलं. मध्य प्रदेशात राहिलं असंही मी म्हणणार नाही, बुंदेलखंड मला पुण्याइतकाच अनोळखी आहे.

शब्द मी सुचवते: मानवणे. "मला दूध मानवत नाही." "त्याला मुंबईची हवा मानवली नाही." दूध वाईट नसतं, माझ्या प्रकृतीला ते जुळत नाही. वर्षानुवर्षं खरं राहतं. डॉक्टरसुद्धा त्यावर वाद घालत नाहीत, आणि दुधाला राग येत नाही. पुणं मला मानवलं नाही, हे मी पुणेकर मैत्रिणींसमोर म्हटलेलं आहे. त्यांनी फक्त विचारलं, काय मानवत नाही? मग बोलणं झालं. ‘आवडत नाही’ म्हटलं असतं तर बोलणं तिथेच तुटलं असतं.

धागाकर्ती

‘मानवणे’! हाच शब्द. जुन्या लोकांचं ‘हवापाणी मानवलं’ मी शेकडो वेळा ऐकलं आहे, पण हवापाण्यापलीकडे तो नेता येईल असं सुचलं नव्हतं. त्याचं होकारार्थी रूपही वापरात आहे, ही आणखी चांगली बाजू. ‘करमणे’ बहुधा नकारात किंवा प्रश्नात राहतं. ‘मानवलं’ मात्र समाधानाने म्हटलं जातं, बाळंतपणाला माहेर मानवलं, आजारपणानंतर गाव मानवलं. आणि तो मुलूख पाहून बोलता येतो. मला बंगळूर मानवलं नाही, कलबुर्गी मानवली असती. हे वाक्य मी काकूंसमोरही बोलू शकेन.

मुंबईकरांना: तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. ‘परप्रांतीय’ हा शब्द मी स्वतः वापरत असे, इथे आल्यापासून वापरत नाही. पण जिथे पोट भरतं तिथे नापसंतीचा शब्दच नको, हे मला मान्य नाही. मी इथे राबते, कर भरते, कन्नड शिकले, मुलांना शिकवते. त्या बदल्यात मी प्रेमही केलंच पाहिजे, अशी अट कोणत्याच राज्याने कोणालाच घालू नये. मुंबईत वीस वर्षं टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला मुंबई मानवली नसेल, तर तेही त्याला शांतपणे म्हणता यावं. ‘घाटी’बद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. इथेही ‘घट्टद मेले’, ‘घट्टद केळगे’, घाटाच्या वरचे आणि खालचे, असा भेद चालतोच.

शब्दापुरता एक प्रश्न उरला आहे. सोलापूर, लातूर भागात ‘मानवत नाही’चं ‘मानवंना’ होतं, जसं ‘करमंना’. वऱ्हाडात आणि खानदेशात काय म्हणतात? आणि तळकोकणातून मंगळूर-उडुपीला गेलेलं कोणी इथे असेल तर त्यांनी जरूर लिहावं. त्यांना घाट चढावा लागत नाही, भात-मासे बदलत नाहीत, पाऊसही तोच. त्यांना ते राज्य मानवतं का, आणि घरी बोलताना ते कोणता शब्द वापरतात?