मदत हवी आहे: ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ कुणी वाचली आहे का?

नमस्कार मंडळी. भाची बारावीला आहे, डोंबिवली-माटुंगा लोकलमध्ये उभ्या उभ्या पुस्तकं संपवते. नारळीकर वाचून झाले, आता तिला अशी विज्ञान कादंबरी हवी आहे ज्यात कथा बाईच पुढे नेते. शास्त्रज्ञाच्या काळजीत झुरणारी बायको नको, असं तिने बजावलंय!

आर्केडी मार्टिनची ही पहिलीच कादंबरी, २०१९ची. विज्ञान आणि अद्भुत साहित्यासाठीचा २०२०चा ह्यूगो पुरस्कारही मिळालाय. नायिकेचं नाव ‘माहित’, ती एका छोट्या अंतराळ स्थानकाची राजदूत. बलाढ्य साम्राज्याच्या राजधानीत पोचते तर आधीचा राजदूत मेलेला. त्याच्या आठवणी तिच्या डोक्यात बसवलेल्या, पण त्याही पंधरा वर्षं जुन्या. कल्पना भन्नाट आहे. मी थोडीशी चाळली. ‘थ्री सीग्रास’ (ही माहितची मदतनीस) अशी नावं लक्षात ठेवतानाच दमले, आणि दरबारी राजकारणच जास्त वाटलं.

ज्यांनी पूर्ण वाचली त्यांनी सांगा: पुढे वेग येतो का? माहित स्वतः निर्णय घेते, की तिची मदतनीसच सगळं निभावते? सतरा वर्षांच्या मुलीला द्यायला हरकत नाही ना? शेवट मात्र फोडू नका. दादर-माटुंग्यात कुणाकडे जुनी प्रत असेल तर तेही कळवा, नवी इंग्रजी पुस्तकं खिशाला जडच जातात.