डिव्हिजन थ्रीचं खूळ आणि वर्षाला ९० हजार डॉलर

एडिसनकर
परवाच्या धाग्यात एका पालकांनी लिहिलं, "पोराला डिव्हिजन थ्रीत पोहायला मिळत असेल तर छोटंच कॉलेज घ्या. तिथे कोच स्वतः फोन करतो. रटगर्सला ढकलणं म्हणजे मुलावर अन्याय." डिव्हिजन थ्री म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांतली तिसरी पातळी, आणि रटगर्स आमचं न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कोच फोन करतो, पण पैसे देत नाही. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी एक छदामही स्कॉलरशिप नसते, नियमच आहे तसा. विल्यम्स, ॲम्हर्स्ट ही नावाजलेली छोटी कॉलेजं तर मार्कांवरही काही देत नाहीत. देतात ते ऐपत बघून, आणि ऐपत ठरते सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्मवर, त्यात राहत्या घराची किंमतसुद्धा विचारतात. आम्ही दोघं आयटीत, त्यात जर्सीत घर. म्हणजे भोपळा! वर्षाला ९० हजारांच्या आसपास, गुणिले चार. रटगर्स घरच्या राज्यात राहून-जेवून त्याच्या निम्म्याहून कमी.

आणि छोटी कॉलेजं बंदही पडतात, अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न आठवा. ३१ मे २०२४ ला कॉलेजला कायमचं कुलूप लागलं आणि त्याच दिवशी त्यांची बेसबॉल टीम ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळत होती. टीम आहे, कॉलेज नाही.

तलावाकाठी
तो पालक मीच. 'अन्याय' हा शब्द जास्त झाला, मान्य. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

तुम्ही लावलाय तो छापील भाव. छापील भावाने साडी तरी घेता का हो तुम्ही? विल्यम्स सोडा, ओहायोत या. तिथली केनियन, डेनिसन ही छोटी कॉलेजं मार्कांवर स्कॉलरशिप देतात. आणि पोहण्याचं म्हणाल तर केनियनच्या मुलांनी १९८० ते २०१० सलग ३१ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद सोडलं नाही. २०११ ला डेनिसनने ते एका गुणाने हिसकावलं. असल्या पाण्यात माझी लेक पोहली, आणि मेरिट स्कॉलरशिप वजा जाता बिल रटगर्सच्या जवळपास आलं.

पहाटे साडेचारला तिला क्लबात सोडायचो. जानेवारीत तलावातून गाडीपर्यंत येईतो ओल्या केसांच्या काड्या व्हायच्या, हात लावला की कुरकुर वाजायच्या. तिच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात १८ मुलं. सरांनी शिफारसपत्रात लिहिलं की स्पर्धेहून रात्री परतली तरी सकाळी लॅबला पहिली ही. ३०० जणांच्या हॉलमध्ये सरांना तिचं नाव तरी ठाऊक असतं का?

शंकेखोर
केसांच्या काड्या छान, पण आकड्यांचं काय? 'छोट्या कॉलेजातून निघालेल्यांचा पगार जास्त' म्हणून सगळे अमेरिकी सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड चिकटवतात. त्यातला पगार फक्त तिथल्या केंद्र सरकारचं कर्ज किंवा मदत घेतलेल्या मुलांचा असतो. ज्यांच्या आईबापांनी रोख भरली ती मुलं त्यात नाहीतच. एच-४ वाली, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची, पोरंही नाहीत. म्हणजे या धाग्यावरच्या बहुतेकांची मुलं त्या तक्त्यात नाहीत आणि भांडण मात्र त्या तक्त्यावरून.

आणि खेळाने भवितव्य घडतं म्हणणाऱ्यांसाठी: विज्ञानासाठी नावाजलेलं कॅलटेकही डिव्हिजन थ्रीच. त्यांची बास्केटबॉल टीम लीगमधल्या सलग ३१० मॅच हरली आणि २०११ ला एका गुणाने जिंकली. त्यापायी कुणाची नोकरी अडल्याचं ऐकलं नाही.

जिमखानावाला
पोहणं कसलं घेऊन बसलात! स्क्वॉश शिकवा. हार्टफर्डचं ट्रिनिटी, छोटंसंच कॉलेज, १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकलं. त्यात भारतातली मुलंही होती.

एडिसनकर
झालं! ज्याच्या आजोबांची जिमखान्याची मेंबरशिप, त्याचा नातू अमेरिकेत. याला खेळ म्हणायचं की वतन?

जिमखानावाला
तोंड सांभाळून. माझे वडील बँकेत क्लार्क होते. मी स्क्वॉश कोर्टाबाहेर बसून असायचो, मेंबर गेले की मार्कर, म्हणजे मेंबरांना खेळवणारा क्लबचा माणूस, दहा मिनिटं खेळवायचा. रॅकेटही त्याचीच, ग्रिपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. तुमच्या एडिसनच्या घराची किंमत सीएसएसला सांगा, मला नको.

शंकेखोर
मार्कर थोर, पण आज तोच खेळ मागचा दरवाजा झालाय. २०१९ चं अमेरिकी कॉलेज-प्रवेशातल्या लाचेचं प्रकरण विसरलात? जो पोरगा वॉटर पोलो कधी खेळलाच नव्हता त्याचा फोटो फोटोशॉप करून त्याला खेळाडू केला.

कर्वेरोडकर
आमच्याकडे दहावीच्या वाढीव गुणांसाठी कुठल्या कुठल्या खेळांची प्रमाणपत्रं येतात ते बघा. काही खेळांची नावं पीटीच्या सरांनाही माहीत नसतात. तुम्ही तेच डॉलरमध्ये करताय.

जिमखानावाला
माझ्या मार्करचा आणि फोटोशॉपचा काय संबंध? कुठलाही विषय कुठेही नेतात.

तलावाकाठी
स्क्वॉश तुम्हीच आणलंत हो.

एडिसनकर, खरं सांगा, एवढा राग कसला?

एडिसनकर
विचारलंच आहे तर ऐका. थोरल्याला एका कॉलेजच्या कोचने दोन वर्षं मेल केले. जुलैत प्री-रीड, म्हणजे ॲडमिशनवाल्यांनी मार्क आधीच बघणं, झालं, "ॲडमिशनवाले खूश आहेत" म्हणाला. अट एकच, अर्ली डिसिजनला सही. म्हणजे मिळालं की जायचंच, दुसरीकडचा भाव बघायची सोय नाही. तेही कबूल केलं. ऑक्टोबरात मेल बंद. पोरगा रोज रात्री फोन चार्जिंगला लावायच्या आधी एकदा बघायचा. शेवटी रटगर्सला गेला, मजेत आहे, क्लब टीममध्ये पोहतो. ढकललेला नाही.

तलावाकाठी
हे आधी लिहिलं असतंत तर मी तो शब्द वापरला नसता.

एडिसनकर
असो. ओहायोवाले मार्कांवर सोडत असतील तर हिशोब बदलतो, तेवढं तुमचं बरोबर. तेवढंच. व्यनि (खासगी निरोप) बघा, धाकटीचं १०० यार्ड बटरफ्लायचं टायमिंग पाठवलंय.