जुन्या मॅसी फर्ग्युसन 35 ट्रॅक्टरची क्रँक पुली अडकली आहे, घण न लावता कशी काढावी?

खाजनकाठ (पेडणे)
नमस्कार. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून मॅसी फर्ग्युसन 35 आहे, तीन सिलिंडरच्या पर्किन्स डिझेल इंजिनाचा. त्याने अनेक वर्षे खाजन (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) शेतात चिखलणी केली आणि नंतर तो गोठ्यालगतच्या पडवीत उभा राहिला. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यातून, तेल गळते, म्हणून रेडिएटर आणि पुढची अॅक्सल सोडवून बाजूला ठेवली आहे. मधला नट सुटला, पण पुली तसूभरही हलत नाही. तीन पायांचा पुलर (पुली ओढून काढण्याचे हत्यार) कडेला लावून ताण दिला तेव्हा कडच वाकू लागल्यासारखी वाटली, म्हणून तिथेच थांबलो. गावातला मेकॅनिक म्हणतो की गॅसने तापवून मागून घण मारू, तुटली तर दुसरी मिळेल. मला मात्र मूळ पुली वाचवायची आहे. कृपया मार्ग सुचवावा.

डिचोलीचा फिटर
थांबलात हे उत्तम केलेत, आणि घण तर मुळीच लावू देऊ नका. पुली बिडाची (ओतीव लोखंडाची) असते. बीड दाब कितीही सोसते, पण ताण आणि ठोका त्याला सोसत नाही. कडेला ओढले की व्ही-खाचेपाशी तुकडा निघतो आणि हब (पुलीचा क्रँकवर बसणारा मधला भाग) जागच्या जागी राहतो. शिवाय क्रँकवर बसलेला प्रत्येक ठोका आत थ्रस्ट वॉशरपर्यंत (क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकतीपर्यंत) पोहोचतो, म्हणजे सीलचे काम करता करता इंजिन उघडण्याची वेळ येते. मागून पहार घालून टायमिंग कव्हरवर (इंजिनाच्या पुढच्या झाकणावर) जोर देणेही तितकेच वाईट.

ओढायचे ते हबला धरून. त्यासाठी हबचे तोंड पोलादी ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा आणि आटे पाडलेली भोके दिसतात का ते पाहा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये माझी बरीच वर्षे गेली. लाल माती आणि ग्रीस यांचा थर भोकात इतका घट्ट बसतो की बोट फिरवूनही भोक लागत नाही. त्याच वेळी हबच्या बाजूला एखादा ग्रब स्क्रू (हब क्रँकवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) दडलेला नाही ना, हेही बघून घ्या. तो राहिला तर पुढची सारी मेहनत व्यर्थ जाते.

सत्तरीकर
फिटरसाहेबांशी पूर्ण सहमत. तापवण्याबद्दल थोडे सांगतो, कारण उष्णता वाईट नाही, ती कुठे आणि किती द्यायची हे महत्त्वाचे. समजा हबचे भोक 35 मिमीचे आहे आणि हब क्रँकपेक्षा 150 अंशांनी जास्त गरम झाला, तर भोक पाच-सहा शतांश मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण गंजाची पकड सुटायला तेवढे पुरते. म्हणून ज्योत क्रँकच्या टोकावर न धरता हबभोवती फिरती ठेवावी आणि काम झटपट उरकावे. रेंगाळलात तर क्रँकही तापून फुगतो आणि फरक उरत नाही. सील तर बदलायचेच आहे, तेव्हा ते जळण्याची चिंता नको. मात्र आधी सांडलेले डिझेल, तेल पुसून घ्या, आणि गरम बिडावर पाणी अजिबात ओतू नका, ते तडकते.

खाजनकाठ (पेडणे)
आपण दोघांचे मनःपूर्वक आभार. ग्रब स्क्रू नाही. परंतु रंगाचा आणि गंजाचा पोपडा बारीक पेचकसाने खरवडला तेव्हा समोरासमोर दोन भोके निघाली! आतले आटे शाबूत दिसतात. घरात एम10 चे (मेट्रिक, 10 मिमी मापाचे) बोल्ट आहेत, ते चालतील का?

डिचोलीचा फिटर
नाही, घाई करू नका. या इंजिनावर बहुतेक आटे इंची असतात. एम10 हा 3/8 इंची बोल्टपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आणि पिचही (आट्यांमधले अंतर) जवळपास तसेच, त्यामुळे पान्याच्या जोरावर तो दोन आटे चढतो आणि बिडाचे आटे खाऊन टाकतो. आधी टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हलक्या हाताने फिरवून भोके साफ करा आणि हाताने सरळ चढेल असाच बोल्ट घ्या.

मग 12 मिमी जाडीच्या पोलादी पट्टीला तीन भोके पाडून घ्या: दोन या बोल्टांसाठी आणि मधले आटे पाडलेले, ओढणाऱ्या स्क्रूसाठी. क्रँकचा नट काही आटे परत चढवून ठेवा, म्हणजे क्रँकचे टोक पसरणार नाही आणि पुली सुटली तरी अंगावर येणार नाही. दोन्ही बोल्टांना सारखा ताण द्या, हब आणि क्रँकच्या सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर ताणातच राहू द्या. सकाळी तेल पुसून सत्तरीकरांनी सांगितल्याप्रमाणे तापवा आणि मधल्या स्क्रूच्या डोक्यावर हलकेच टिचका द्या. तेवढाच काय तो हातोडा.

खाजनकाठ (पेडणे)
पुली निघाली! तापवल्यावर दुसऱ्याच टिचक्याला ‘टक्’ असा आवाज झाला आणि पट्टी एकदम सैल पडली. कड, आटे, क्रँकचे टोक सारे शाबूत आहे. चावी (पुली क्रँकवर घसरू न देणारा पोलादी तुकडा) मात्र गंजाने खाल्ली आहे, आणि सील जिथे फिरते तिथे हबवर नखाला लागेल अशी खाच पडली आहे. नुसते नवे सील बसवले तर गळती थांबेल का?

डिचोलीचा फिटर
फार आनंद झाला. नखाला खाच लागत असेल तर नवे सीलही लवकरच गळेल. हबवर पातळ पोलादी स्लीव्ह (नळीसारखे आवरण) चढवून घ्या. मापाची न मिळाल्यास लेथवाल्याकडून हब घासून बुश बसवता येतो, फक्त बाहेरचा व्यास सीलच्या मापाचाच राहिला पाहिजे. तेही जमण्यासारखे नसेल तर कव्हरमध्ये सील दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे बसवण्याइतकी जागा आहे का ते पाहा, म्हणजे त्याची ओठाची कड कोऱ्या भागावर फिरेल. चावी नवीच घाला. पुली बसवताना ठोकू नका; गरम पाण्यात तापवून कोरडी करा, क्रँकवर ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि नटानेच ओढून बसवा.