मदत हवी आहे : फिजिओथेरपिस्टांच्या दोन संघटना एकत्र करायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

आमच्या जिल्ह्यात फिजिओथेरपिस्टांच्या दोन संघटना आहेत. जुनी स्वतःचा दवाखाना असलेल्यांची, नवी मुख्यतः रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या तरुणांची. मी नवीचा सचिव. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांचं नियमन करणारा २०२१ चा अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आल्यापासून आपलं म्हणणं एकमुखाने मांडायची गरज आहे, म्हणून विलीनीकरण व्हावं असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या आहेत. विलीनीकरणासाठी सोसायटी कायद्याच्या कलम १२ नुसार दहा दिवस आधी सभासदांना लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, मग महिन्याने दुसऱ्या सभेत पुन्हा तेवढीच. आमचे वकील म्हणतात, धर्मादाय आयुक्तांकडून १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ५०अ खाली एकत्रित योजनाही करून घ्या. कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? आधी सभा घेतल्या की आधी अर्ज?

खरा पेच जुन्या संस्थेच्या मदतनिधीचा आहे. परवाच्या बैठकीत त्यांच्या एक ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "लॉकडाऊनमध्ये दवाखाने बंद होते तेव्हा या पैशावर काहींची घरं चालली. तो सगळ्यात मिसळू नका." मला त्यांचं पटलं, पण आमची मुलं दुय्यम सभासद व्हायला तयार नाहीत, आणि तेही रास्तच आहे. निधी राखीव ठेवून मताचा हक्क मात्र सर्वांना समान, अशी घटना कुणाकडे असेल तर तिचा मसुदा पाठवाल का?