सीईटीला ९३ पर्सेंटाइल, ऑप्शन फॉर्मला एक नंबरला काय टाकू?

निफाडची_पोरगी:
नमस्कार, यंदा बारावी झाली, सीईटीला पीसीएममध्ये ९३ पर्सेंटाइल आलेत, कॅटेगरी ओबीसी, बारावीचं कॉलेज नाशिक जिल्ह्यातलंच. इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर किंवा आयटी हवंय, पुण्यात मिळालं तर फारच छान पण घरचे म्हणतात नाशिकमध्येच बघ. आता ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं पसंतीच्या क्रमाने टाकायची आहेत, तर क्लासचे सर सांगतात की मोठी कॉलेजं वर टाकून प्रेफरन्स वाया घालवू नकोस, जे मिळणार तेच एक नंबरला टाक नाहीतर तेही हातचं जाईल. मामेभाऊ बरोब्बर उलटं सांगतो. ऑटो फ्रीजची, म्हणजे मिळालेली सीट आपोआप पक्की होण्याची, तर भीतीच बसलीये. नॉन क्रिमीलेअर अजून आलेलं नाही, सेतूमध्ये अर्ज दिलाय. बाबांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे तर टीएफडब्ल्यूएसचे (कमी उत्पन्नवाल्यांसाठी ट्यूशन फी माफीच्या वेगळ्या सीटचे) कोड पण टाकू का? प्लीज कोणीतरी नीट सांगा, रात्री झोप नाहीये.

सेकंड_इयर_आयटी:
मामेभावाचं ऐक. अलॉटमेंट कसं होतं ते बघ, मेरिट नंबरप्रमाणे एकेकाची पाळी येते आणि तुझी पाळी आली की तुझी यादी वरून खाली वाचली जाते, ज्या पहिल्या ऑप्शनला तुझ्यासाठी सीट शिल्लक असेल ती तुला. तुझ्या मागच्या मेरिटवाल्याने तेच कॉलेज एक नंबरला टाकलं आणि तू चाळीसाव्याला, तरी सीट तुझीच. म्हणजे वर दहा अवघड कॉलेजं टाकलीस तरी खालच्याला काडीचाही धक्का लागत नाही.

ऑटो फ्रीजमुळे तर सरांचा सल्ला जास्तच धोक्याचा आहे. २०२५-२६ ला चार राऊंड झाले, पहिल्यात एक नंबरचं मिळालं तर ते घ्यावंच लागायचं, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या राऊंडमधून बाहेर. आता हमखास मिळणारं कॉलेज एक नंबरला टाकलंस तर पहिल्याच राऊंडला तिथे अडकशील आणि पुण्याचा विषयच संपला. यंदाच्या माहितीपत्रकात हे आकडे एकदा बघून घे. पहिल्या सहात फक्त अशीच टाक की मिळाली तर डोळे झाकून जाशील. त्याखालचं मिळालं तर सीट ॲक्सेप्ट करून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या राऊंडला वरच्या ऑप्शनसाठी, जाता येतं, फक्त वरचं मिळालं की आधीची सीट गेली हे लक्षात ठेव.

कटऑफवाले_काका:
माझ्या मुलीच्या वेळी मी कटऑफच्या पीडीएफ घेऊन बसायचो म्हणून सांगतो. पर्सेंटाइलवर जाऊ नकोस बेटा, मेरिट नंबर बघ. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर असतो, खाली कंसात पर्सेंटाइल. नव्वदीच्या पुढे अर्ध्या पर्सेंटाइलमध्ये हजारो मुलं मागेपुढे होतात, त्यामुळे ९३ ला काय मिळेल असं विचारून कोणी खरं उत्तर देऊ शकत नाही. तुझं कॉलेज नाशिक जिल्ह्यात म्हणजे होम युनिव्हर्सिटी पुणे विद्यापीठ, नाशिक-नगर-पुणे तिन्हीकडे तुला ज्याच्या कोडच्या शेवटी एच (होम) आहे तो रकाना लागू. ओबीसीचा तर बघच पण कोडच्या सुरुवातीला एल (लेडीज) असलेला मुलींचा रकानाही बघ, तो बऱ्याचदा खाली उतरतो. पुण्याच्या सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजसारख्या ठिकाणी शेवटी एस म्हणजे राज्यस्तरीय. आणि पहिल्या राऊंडचा कटऑफ बघून हाय खाऊ नकोस, शेवटच्या राऊंडचाही शेजारी उघडून ठेव.

स्क्रुटिनीला_बसते:
कागदपत्रांचं मी सांगते, दरवर्षी मुलं इथेच अडकतात आणि बघून खरंच वाईट वाटतं. नॉन क्रिमीलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत व्हॅलिड हवं, दादाचं जुनं चालत नाही. जात प्रमाणपत्रासोबत जात पडताळणीचं (व्हॅलिडिटी) प्रमाणपत्र पण. मुदतीत दिलं नाही तर ओपनमध्ये टाकतात, म्हणून उद्याच सेतूत जाऊन अर्ज कुठे अडलाय ते विचार, घरी वाट बघत बसू नकोस. मार्कशीटवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ.

टीएफडब्ल्यूएसचं म्हणशील तर २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) या गटांतल्या मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश घेतल्यावर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मग टीएफडब्ल्यूएसचे वेगळे कोड कशाला, तिथला कटऑफ बहुतेक वेळा वरच असतो आणि नंतर ब्रांचही बदलता येत नाही. हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी मात्र भरावी लागेल, पुण्याचा हिशोब घरी आधीच मांडा. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही.

निफाडची_पोरगी:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना! बाबांना पण वाचून दाखवलं, फीचं ऐकून ते पुण्याला बरेच तयार झालेत. पहिल्या सहात पुण्याची पाच आणि सहावं नाशिकचं आयटी टाकलं तर?

सेकंड_इयर_आयटी:
नाशिकचं मिळाल्यावर खुशीत जाणार असशील तर टाक, नाहीतर सातव्याला ने. दर राऊंडला नवीन फॉर्म भरता येतो, तेव्हा तिसऱ्या राऊंडच्या आधी परत विचार कर. आणि लॉक करायच्या आधी प्रिंट काढून चॉइस कोड एकेक करून ताडून बघ, एकाच कॉलेजचे कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्सचे कोड अगदी एकसारखे दिसतात.