लुनी नदी बहुतेक वर्ष कोरडी. मग बालोतरा जिल्ह्याचे अर्थकारण कशावर चालते?

प्रश्न
राजस्थानातील बालोतरा जिल्हा ऑगस्ट २०२३ मध्ये बाडमेरपासून वेगळा झाला. पाऊस वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर, तरीही कापडाची रंगाई आणि डाळिंबाच्या बागा दोन्ही जोरात आहेत. आम्ही सांगोल्याकडे डाळिंबच करतो, म्हणून विचारतो: तिथे पाणी येते कुठून?

उत्तर १
लुनी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते आणि सुमारे ४९५ किलोमीटर वाहून, समुद्राला न मिळता, कच्छच्या रणात जिरते. पात्र कोरडे दिसले तरी पुराचे पाणी वाळूतून मुरून काठच्या विहिरींना पोचते आणि बरेचसे अर्थकारण याच विहिरींवर आहे. बालोतऱ्यापर्यंत पाणी गोडे मानतात. पुढे जमिनीतले क्षार आणि तीव्र बाष्पीभवन यांमुळे ते खारे होत जाते. दुःखाची बाब ही की, ज्या वाळूतून पाणी मुरते तिच्यातूनच रंगाईचे सांडपाणीही मुरते. पालीचे सांडपाणी बांडी नदीतून आणि जोधपूरचे जोजरीतून लुनीतच येते, त्यामुळे एकट्या बालोतऱ्याने शुद्धीकरण करून भागणार नाही.

उत्तर २
खारेपणावर जगणारेही आहेत. बालोतऱ्याजवळच्या पचपदऱ्याला खारवाल समाजाचे लोक जमिनीत खड्डे खणतात, त्यांत झिरपणाऱ्या खाऱ्या पाण्यात मोरली नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या टाकतात, आणि पाणी आटत जाते तसे त्या फांद्यांवर मिठाचे खडे धरतात. त्याच पचपदऱ्याला आता वर्षाला ९० लाख टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प उभारला आहे. मिठाचे हे जुने कसब त्याच्या सावलीत विसरले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३
सांगोल्याच्या मित्रांसाठी: तिथल्या बागांतला भगवा वाण आपल्याकडूनच गेला आहे. डाळिंब थोडा खारेपणा सोसते, ठिबकवर भागते आणि तेल्या रोगाला लागणारा दमटपणा तिथल्या हवेत बहुतेक काळ नसतो. बाजरी, मूग, जिरे, इसबगोल ही तिथली नेहमीची पिके. त्यांच्या तुलनेत बाग नगदी ठरते, पण उपसा वाढला की विहिरीचे पाणी आणखी खारे होते. पिण्यासाठी तर पोकरण-फलसूंड योजनेतून इंदिरा गांधी कालव्याचे, म्हणजे मुळात पंजाबातल्या नद्यांचे, पाणी बालोतरा आणि सिवान्यापर्यंत आणावे लागले आहे.